आजच्या अंगाची गाडी

७ ते १० या वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर उंच होते आणि त्याच्या वजनात २ ते ३ किलोंची भर पडते. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या खडबडीत मार्गावरच्या शर्यतीच्या मोटारसायकलची सीट मात्र कारखान्यातून ज्या उंचीची आली त्याच उंचीची राहते, तिचे वजन घटत नाही आणि वर बसलेल्याचे वय पाहून तिचे इंजिन आपली ताकद आवरून घेत नाही. या दोघांचा मेळ केव्हा बसतो आणि केव्हा सुटतो हे ओळखणे, लहान मुलासाठी शर्यतीची गाडी निवडताना एवढेच खरे काम असते. कंपनी, रंग आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करायचा असतो, आणि तो याच क्रमाने व्हावा असे मला मनापासून वाटते.

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्या पतींचे कुपवाड एमआयडीसीत छोटे मशिन शॉप आहे आणि महाविद्यालयात असताना त्यांनी डर्ट ट्रॅकच्या शर्यतींमध्ये भाग घेतलेला आहे. आमची मुलगी ९ वर्षांची असून ५० सीसीच्या गाडीवर शिकून ती आता ६५ सीसीकडे वळत आहे. तिची उंची १३१ सेंटिमीटर आणि वजन २८ किलो आहे. हे आकडे मुद्दाम देते, कारण गाडी दाखवणारा बहुतेक जण आधी मुलाचे वय विचारतो आणि वय हा या कामात सर्वांत कमी उपयोगी पडणारा आकडा आहे.

नव्या गाडीचा विषय घरात निघाला तेव्हा सासूबाईंनी सरळ विचारले, ‘एवढे पैसे घालायचेच आहेत तर थोडी मोठी का घेत नाही? दोन-तीन वर्षे तरी चालेल.’ त्यांच्या म्हणण्यात काटकसरीचा शहाणपणा आहे. गणवेश दोन बोटे लांब शिवायचा, चपला पुढच्या वर्षीही येतील अशा घ्यायच्या, सायकलीची सीट आधी खाली ठेवून मग वर्षा-वर्षाने चढवत जायची, अशाच पद्धतीने आपल्याकडची घरे चालली आहेत आणि त्यात कुणाचे काही बिघडलेले नाही. पण मोठ्या मापाचा सदरा घातल्याने मूल पडत नाही. मोठ्या मापाची गाडी घेतली की ते पडते, आणि पडले की गाडी त्याच्या अंगावर येते. माझ्या पतींनी त्यांना शांतपणे समजावले, ‘आई, ही गाडी वर्ष-दीड वर्षासाठीच घ्यायची आणि ते संपले की विकायची, असे धरूनच आपण चाललो आहोत.’ हे एकदा मनाशी पक्के झाले की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

मोठी गाडी मुलाच्या शरीराचे काय करते, हे जरा सविस्तर सांगायला हवे. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते, जिला आम्ही ग्रोथ प्लेट म्हणतो, आणि वाढ पूर्ण होईपर्यंत ती आसपासच्या अस्थिबंधांपेक्षा कमकुवत असते. ज्या झटक्याने मोठ्या माणसाचा घोटा नुसता मुरगळेल, त्याच झटक्याने मुलाच्या हाडाला त्या जागी चीर पडू शकते, आणि काही वेळा त्यामुळे त्या हाडाच्या पुढच्या वाढीत फरक पडतो. पडताना हात टेकल्याने मनगटाजवळ होणारी अशी इजा आमच्या पेशात नित्याची आहे, मग मूल झाडावरून पडलेले असो वा सायकलवरून. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, मानेचे स्नायू पुरते भरलेले नसतात आणि त्यावर हेल्मेटचे वजन येते. आता या शरीराखाली गाडी ठेवून पाहा. ११० किलोच्या गाडीवर ७५ किलोचा प्रौढ रायडर बसतो तेव्हा गाडी त्याच्या दीडपट असते. कावासाकीच्या केएक्स ६५ चे वजन इंधनासह ६० किलो आहे, म्हणजे आमच्या मुलीच्या दुपटीहून अधिक. केटीएमची ५० एसएक्स साधारण ४१ किलोंची आहे, म्हणजे तिच्या जवळपास दीडपट. ५० सीसीवरची तिची सहजता कुठून येत होती आणि ६५ वर पहिल्यांदा बसल्यावर तिचे खांदे का आवळले गेले, हे या दोन भागाकारांवरून मला जितके स्पष्ट कळले तितके कोणत्याही माहितीपत्रकावरून कळले नसते.

आपल्या सातारा-सांगली भागात बैलगाडी शर्यतींचे मैदान भरते तेव्हा ‘आदत’ जनावरांचे मैदान वेगळे असते. दुधाचे दात न पडलेल्या खोंडाला भरल्या अंगाच्या बैलांबरोबर कोणी पळवत नाही, आणि खोंड कितीही उमदा दिसला तरी जाणता माणूस आधी त्याचे तोंड उघडून दात पाहतो. मोटोक्रॉसमधले सीसीचे गट याच समजुतीतून आलेले आहेत. अमेरिकेतल्या हौशी शर्यतींमध्ये ५१ सीसीपर्यंतच्या गटात ४ ते ८ वर्षांची मुले येतात आणि ६५ सीसीच्या गटात ७ ते ११ वर्षांची. म्हणजे ७-८ वर्षांचे मूल नियमाने दोन्हीकडे बसते. खरी निवड याच दुहेरी पट्ट्यात करावी लागते आणि आईवडिलांची घाईही तिथेच होते. भारतात या खेळाचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. गटांचे नियम बदलत असल्यामुळे ज्या हंगामात उतरायचे त्या हंगामाची नियमावली वाचूनच गाडीला हात घालावा.

५० सीसीच्या गाडीला गिअर एकच असतो आणि क्लच आपोआप लागतो, त्यामुळे मुलाला रेस, ब्रेक आणि तोल एवढ्याच तीन गोष्टींकडे पाहावे लागते. यातही दोन जाती आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालत आलेली यामाहाची पीडब्ल्यू ५० ही शिकण्याची गाडी आहे. तिची सीट जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास आहे, आणि रेस किती उघडावी याला पालकांना एका स्क्रूने मर्यादा घालता येते. ५० एसएक्स ही मात्र शर्यतीसाठीच बांधलेली गाडी आहे. तिचे पुढचे चाक १२ इंची आणि मागचे १० इंची असून तिची ओढ चार-पाच वर्षांच्या नवशिक्याला पेलणारी नाही. परदेशात आता विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्याही या वयोगटासाठी आल्या आहेत. त्यांची ताकद पायरीपायरीने वाढवता येते आणि काहींची सीटही वरखाली करता येते, म्हणून नवशिक्यासाठी ती कल्पना मला पटते.

६५ सीसीला १४ आणि १२ इंची चाके, ६ गिअर आणि हाताचा क्लच येतो. मूल अडते ते इथे. एकतर डाव्या हाताला आणि डाव्या पायाला नवे काम लागते, आणि दुसरे म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद सरळ रेषेत वाढत नाही. आरएक्स १०० चालवलेल्या पिढीला हे सांगायला नको. खालच्या फेऱ्यांत, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, गाडी मवाळ वाटते आणि एका ठरावीक टप्प्याला एकदम उसळी घेते. त्या क्षणी मुलाचे हात सरळ झालेले असतील तर ते मागे फेकले जाते, मागे जाताना मूठ आणखी पिळली जाते आणि गाडी हातातून निसटते. म्हणून ६५ वर नेण्यापूर्वी मुलाला वळणाआधी उभे राहून ब्रेक लावता येतो का, घसरणाऱ्या मागच्या चाकाला न घाबरता रेस स्थिर ठेवता येते का आणि थकल्यावर ‘आता पुरे’ असे त्याला स्वतःहून म्हणता येते का, हे पाहावे. यातली शेवटची गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानते.

आता मापाकडे वळू. दुकानात मूल सीटवर बसवून पाय टेकतात का एवढेच पाहिले जाते, पण मोटोक्रॉसमध्ये निम्म्याहून अधिक काम पावदानावर उभे राहून करायचे असते. उभे राहिल्यावर हातांची कोपरे किंचित वाकलेली आणि बाहेरच्या बाजूला राहिली पाहिजेत, गुडघ्यांना टाकी धरता आली पाहिजे, आणि हँडलपर्यंत पोचण्यासाठी कमरेतून लोंबकळावे लागता कामा नये. बसल्यावर दोन्ही टाचा टेकण्याची गरज नाही. दोन्ही पायांचे चवडे टेकले तर नवशिक्याला पुरेसे आहे, आणि तयार मुलाला एका पायाचा चवडा पक्का टेकला तरी चालते. मग ब्रेक आणि क्लचचे लिव्हर. मुलाचे बोट लिव्हरवर पहिल्या पेरापर्यंत वळले पाहिजे, नुसते टोकाने लागता कामा नये. बहुतेक लिव्हरना जवळ आणण्याचा स्क्रू असतो आणि विकत घेण्यापूर्वी तो फिरवून पाहायला कोणाची हरकत नसते. त्यानंतर गाडी सपाट जागी आडवी पाडावी आणि मुलाला ती उचलायला सांगावी. पहिल्या प्रयत्नात जमले नाही तर उचलण्याची रीत शिकवावी, पण रीत शिकूनही जमत नसेल तर ती गाडी त्या मुलाची नाही. शेवटी गरम इंजिन बंद करून किक मारायला लावावी. या आकाराच्या बहुतेक गाड्यांना सेल्फ नसतो, आणि शर्यतीत उतारावर गाडी बंद पडली तर मदतीला येणारे आईवडील कठड्याबाहेर उभे असतात.

केएक्स ६५ ची सीट ७६० मिलिमीटर उंच आहे. आमच्या मुलीला ती उंचच पडत होती. सीटचा फोम थोडा कापून घेतल्यावर आणि हँडल मागे सरकवल्यावर तिची बैठक जमली. लिंक (मागच्या शॉकअपला चाकाशी जोडणारा सांधा) बदलून गाडी फार खाली आणण्याची सूचनाही आम्हाला मिळाली होती, पण त्याने सस्पेन्शनचा कोन बिघडतो आणि वळणात पावदान जमिनीला घासते, म्हणून तो मार्ग आम्ही सोडला. फोम काही महिन्यांत परत भरता येतो.

सस्पेन्शनकडे पालकांचे लक्ष सर्वांत कमी असते, आणि माझ्या मते मुलाच्या गाडीत सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. मागचे शॉकअप त्याच्या एकूण चालीच्या, म्हणजे ते जास्तीत जास्त जेवढे दबू शकते त्याच्या, साधारण एक तृतीयांश इतके रायडरच्या वजनाने दबले पाहिजे. गाडी स्टँडवर उचलून मागच्या आसापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजायचे, मग मुलाला हेल्मेट, बूट आणि सगळ्या पॅडसह पावदानावर उभे करून तेच अंतर पुन्हा मोजायचे आणि वजाबाकी करायची, एवढेच ते काम आहे. मूल हलके असेल तर पुढच्या-मागच्या कडक स्प्रिंगा दबतच नाहीत. मग सीट आणखी उंच वाटते, पुढचे चाक वळणात जमीन धरत नाही, आणि उडीवरून उतरताना बसणारा हिसका सरळ मनगटांत जातो. ‘तिला वळता येत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा गाडीच वळत नसते. केटीएमच्या ६५ ला पुढे हवेवर चालणारे फोर्क आहेत आणि हातपंपाने त्यांतला दाब मुलाच्या वजनाप्रमाणे बदलता येतो. वाढत्या मुलासाठी याहून सोयीची रचना मला माहीत नाही. केएक्स ६५ ला पुढे साध्या स्प्रिंगा आहेत, त्या वजन वाढेल तशा बदलाव्या लागतात. तरीही आम्ही केएक्सच निवडली, कारण २००० साली आलेली ही गाडी मुळात फारशी बदललेली नाही, तिचे भाग आणि तिच्या खोडी मिस्त्रींना ठाऊक आहेत आणि तिचे इंजिन त्या मानाने सौम्य आहे. पहिल्याच वर्षी चषक आणायचा असता तर निवड वेगळी झाली असती.

आमचा सराव दंडोबाच्या डोंगरापलीकडे, कवठेमहांकाळ तालुक्यात एका नातेवाइकांच्या पडीक माळावर चालतो. तिथे मुरूम आहे, पाणी पडले तरी लगेच निचरा होतो, आणि कोरड्या दिवसांत टँकर मारला की माती चाक धरते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हे जमत नाही. ओली काळी माती चाकाला आणि चेनला अशी लपेटते की ६० किलोंची गाडी ७० ची होते, आणि वाळली की भेगांमध्ये १४ इंची चाक अडकते. जमिनीचा विचार करून मागचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) दोन दातांनी मोठे घेतले. त्यामुळे वरचा वेग थोडा घटला, पण खालच्या फेऱ्यांत गाडी लवकर ओढू लागली आणि मुलीला सारखा क्लच दाबावा लागेनासा झाला.

पेट्रोलची एक गोष्ट आमच्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. आपल्याच उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलेच आहे, पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि टू-टी ऑइल मिसळलेले पेट्रोल पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे कार्बोरेटरमध्ये पडून राहिले तर आत पांढरट गंज धरतो. म्हणून सराव संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे आणि पेट्रोल-ऑइलचे मिश्रण लागेल तेवढेच ताजे बनवावे. केएक्ससाठी ३२ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल असे प्रमाण आहे, केटीएमसाठी ६० ला १, आणि एका गाडीचा डबा दुसरीला वापरू नये. एप्रिलच्या उन्हात हवा विरळ झाल्याने इंजिनात जाणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण घट्ट होते, तर इथेनॉलमुळे ते पातळ होते. नेमके काय चालले आहे ते प्लगचा रंग पाहून ठरवावे आणि त्याप्रमाणे कार्बोरेटरमधला जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी) बदलावा.

हेल्मेट, बूट, गुडघ्याची आणि छातीची पॅडे यांचे पैसे गाडीच्या आधी बाजूला काढावेत. इथेही ‘पुढच्या वर्षी येईल’ हा विचार मनात आणू नये. सैल हेल्मेट आदळताना डोक्यावर फिरते, आणि मोठा बूट गिअरच्या लिव्हरखाली अडकतो. हेल्मेट घालून मुलाने डोके हलवले तर गालांची कातडी बरोबर हलली पाहिजे, इतके ते घट्ट हवे. जोरात आदळलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, मग वरून एकही ओरखडा दिसत नसला तरीही.

या खेळाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली स्पष्ट शिफारस केली आहे की १६ वर्षांखालच्या मुलांनी अशी मोकळ्या रानातली मोटारवाहने चालवू नयेत. ती वाचूनच आम्ही ठरवले आहे, आणि ती वाचली असल्यामुळेच माप, वजन आणि थकवा यांत आम्ही तडजोड करत नाही. कायद्याची बाजू त्याहून सरळ आहे. या गाड्यांची नोंदणी होत नाही, त्यांना नंबर नसतो आणि त्या रस्त्यावर एक फूटही चालवायच्या नसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमची गाडी छोट्या हत्तीत बांधून माळावर जाते आणि तशीच परत येते.

किमतीचे बोलायचे तर कावासाकीने २०२३ च्या डिसेंबरात केएक्स ६५ भारतात सुमारे ३ लाख १२ हजार रुपयांना आणली. केटीएमने २०२४ च्या नोव्हेंबरात आणलेल्या ५० एसएक्सची किंमत ४ लाख ७५ हजार, ६५ एसएक्सची ५ लाख ४७ हजार आणि ८५ एसएक्सची ६ लाख ६९ हजार रुपये होती. या सगळ्या तेव्हाच्या शोरूमच्या किमती होत्या. वर्ष-दीड वर्षाच्या वापरासाठी एवढी रक्कम घालणे आमच्यासारख्या कुटुंबाला जड आहे, म्हणून आम्ही पुण्यातल्या एका घरातून वापरलेली गाडी घेतली. त्यांच्या मुलाला ती आता लहान पडत होती. वापरलेली गाडी किती किलोमीटर चालली हे विचारण्यात अर्थ नसतो, इंजिन किती तास चालले आणि पिस्टन शेवटचा केव्हा बदलला हे विचारावे. मागचे चाक धरून वरखाली हलवावे म्हणजे लिंकच्या बेअरिंगमधला ढिलेपणा हाताला लागतो, स्टीअरिंगच्या गळ्याजवळ चौकटीला तडा आहे का ते पाहावे, आणि चाकाच्या तारा एकेक बोटाने वाजवून पाहाव्यात. आरसी बुक नसल्यामुळे मूळ बिल आणि आयातीची कागदपत्रे हाच मालकीचा पुरावा असतो. ती नसतील तर किंमत कितीही कमी असली तरी माघारी फिरावे.

आमची जुनी ५० सीसी आता विकायची आहे. गेल्या आठवड्यात कराडहून एक कुटुंब ती पाहायला आले होते. मुलगा उत्साही होता, वडिलांना गाडी पसंत होती आणि त्यांनी सांगितलेला भाव आम्हाला मान्य होता. मुलगा सीटवर बसला तेव्हा त्याचा एकच पाय, तोही अंगठ्याच्या टोकाने टेकत होता आणि उभे राहिल्यावर त्याचे हात कोपरात पूर्ण सरळ होत होते. माझ्या पतींनी त्याच्या वडिलांना सांगितले, ‘साहेब, त्याला अजून सात-आठ महिने सायकलवर राहू द्या. माळावर उभे राहून चालवायला शिकवा, चढ-उतार करू द्या, आणि दिवाळीनंतर त्याला परत घेऊन या.’ त्यांनी सीट कापून घेण्याविषयी विचारले. एवढ्या लहान गाडीत फोम कापायला मुळातच जागा कमी असते आणि हातांच्या पोहोचीचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे आम्ही त्यांना गाडीजवळ उभे राहून दाखवले. मधल्या काळात दुसऱ्या एखाद्या मुलाला गाडी नीट बसली तर ती त्याला देऊ, हेही त्यांना स्पष्ट सांगितले आणि त्यांचा फोन नंबर लिहून घेतला.